पुण्याच्या उन्हाळ्यातही हिरवा राहणारा फर्न: जात, जागा, माती, पाणी

सावलीतली_कुंडी | १८ एप्रिल

दर एप्रिलमध्ये बागकामाच्या गप्पांत तोच प्रश्न येतो. नर्सरीतून हिरवागार फर्न आणला, काही आठवड्यांत पानांची टोकं तपकिरी झाली, मग पर्णिका, म्हणजे पानाच्या दांड्यावरची छोटी पानं, झडल्या, आता कुंडीत नुसत्या काड्या उरल्यात. आणि खाली सगळ्यांचं एकच उत्तर: पाणी वाढवा. मला ते उत्तर पटत नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

पुण्यात फर्न तहानेने क्वचित मरतो. तो मरतो मार्च ते मेच्या कोरड्या वाऱ्याने, बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी, आणि या दोन्हींवर उपाय म्हणून ओतलेल्या जादा पाण्याने. आपलं शहर साधारण ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीकडे जातो तेव्हा हवेत दमटपणा नावालाच असतो. मुळांकडून पाणी जेवढं येतं त्याहून जास्त पानातून उडून जातं, आणि पानाची कड सगळ्यात आधी सुकते. अशा वेळी कुंडीत चिखल केला तरी टोकं जळायची ती जळतातच. मुळं मात्र गुदमरून कुजतात.

म्हणून पहिला निर्णय जातीचा. माझ्या मते पुण्यात नवख्या माणसाने दोनच फर्न डोळे झाकून घ्यावेत.

एक म्हणजे जुन्या सोसायट्यांमध्ये उत्तरेच्या भिंतीलगत दिसतो तो उभ्या, अरुंद पानांचा नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया. नर्सरीत यालाही बरेचदा बोस्टन म्हणूनच देतात. खरी खूण मातीखाली आहे. कुंडीच्या कडेची माती बोटाने उकरा. बारीक, चिवट धावत्या मुळांवर हरभऱ्यापासून बोराएवढे गोल कंद दिसतील, वर तपकिरी लव असलेले. नखाने फोडला तर आत पाणीदार गर. हा त्याचा उन्हाळ्याचा साठा. बोस्टन फर्न म्हणजे नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटा, त्याला हे कंद नसतात. म्हणून एखाद्या शनिवार-रविवारी तुम्ही गावी गेलात तर बोस्टन मान टाकतो आणि कंदवाला तग धरतो.

दुसरा होली फर्न, सिर्टोमियम फॅल्केटम. मूळचा पूर्व आशियाचा. जपानच्या किनाऱ्यावर समुद्राच्या वाऱ्यात, कड्यांच्या कपारीत वाढतो. जाड, गडद, चकचकीत पर्णिका, टोकं एका बाजूला वाकलेली. फर्न म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जी नाजूक झालर येते तिच्याशी याचं काही नातं वाटत नाही. पानाची कातडीच जाड असल्यामुळे कोरडी हवा हा इतरांपेक्षा बरीच सोसतो. थंड देशांत तर शून्याखालच्या थंडीतही हिरवा राहतो, तेव्हा पुण्याच्या जानेवारीची त्याला काळजी नाही. ऊन मात्र नको. आपल्याकडे तो प्रत्येक नर्सरीत मिळत नाही, विचारावं लागतं. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला नर्सऱ्यांची रांगच आहे, तिकडे शोधा.

आता जागा. उत्तर किंवा पूर्व. सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन चालतं, त्यानंतर उजेड हवा पण ऊन नको. सावली म्हणजे अंधार नव्हे हे फार जणांच्या लक्षात येत नाही. जिन्याखाली ठेवलेला फर्न जगतो, पण पानं लांबट, फिकी आणि विरळ येतात. दुपारी दिवा न लावता पेपर वाचता येईल इतका उजेड त्या जागी असावा. आणि उजेडाइतकंच वाऱ्याकडे बघा. दोन इमारतींच्या फटीतून वारा सुसाटतो अशा कठड्यावर टांगलेली कुंडी संध्याकाळपर्यंत खडखडीत होते. तीच खाली, कठड्याच्या आत, इतर झाडांच्या घोळक्यात ठेवली की ओल कितीतरी जास्त टिकते.

मातीबद्दल: पुण्याची काळी माती फर्नला अजिबात वापरू नका. ओली झाली की हवा कोंडते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. मी दोन भाग चाळलेलं पानखत, एक भाग धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग विटांचा भरडा घेते. रेनट्रीच्या बारीक पानांचं खत या कामाला फार सुरेख. कॉलनीच्या रस्त्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये ढीग लागतात, झाडणाऱ्या ताईंना सांगितलं तर त्या आनंदाने पोतं भरून देतात. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी फेका आणि पुन्हा साध्या पाण्यात पिळून घ्या. त्यात मिठाचा अंश असतो.

पाणी आणि खत यावर तुमचे अनुभव ऐकायचे आहेत, मग मी लिहीन.

धनकवडीची_गच्ची | १८ एप्रिल

ताई, फार चांगला धागा. आमची एकच बाल्कनी, तीही पश्चिमेला. दुपारी तीन ते सहा भट्टी. फर्नचा नाद सोडू का?

सावलीतली_कुंडी | १८ एप्रिल

सोडू नका. पण एप्रिल-मेमध्ये कठड्याला फर्न नाही, एवढं पथ्य पाळा. ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूने लावा, ग्रिलपासून थोडं अंतर ठेवून, म्हणजे मागे गरम हवा कोंडत नाही. ऊन सोसणारी झाडं पुढे, त्यांच्या मागे खाली फर्न. जास्वंद, कढीपत्ता, शेवगा, जे असेल ते पुढे येऊ दे. दोन महिने घरात पूर्वेच्या खिडकीशी हलवलात तर आणखी उत्तम. फरशी तापते, म्हणून कुंडी लाकडी पाटावर किंवा विटांवर ठेवा.

वाघोलीकर_७७ | १९ एप्रिल

आमच्याकडे फेब्रुवारीपासून टँकर. नळाच्या तोटीवर पांढरा थर, कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर, आणि फर्नच्या पानांची टोकं जळलेली. तुम्ही म्हणता ते क्षारांचं प्रकरण हेच का? आरओचं वाया जाणारं पाणी साठवून तेच झाडांना घालतो, पाणी वाचावं म्हणून.

खडकवासला_ते_खराडी | १९ एप्रिल

वाघोलीकर, हेच. मी पाणीशुद्धीकरणाच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो. धरणाचं पाणी त्या मानाने मऊ असतं. टँकर भरतो बोअर-विहिरींवर, आणि बेसॉल्टच्या फटींतून फिरून आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. कुंडीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, रोज थोडे थोडे साठत जातात.

आरओचं वाया जाणारं पाणी तर फर्नला बिलकुल नको. शुद्ध पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात, म्हणजे मूळ पाण्यापेक्षाही ते खारट. फरशी पुसा, संडासात वापरा, वाया घालवू नका, पण फर्नपासून लांब ठेवा. त्याऐवजी एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरा. ते हवेतल्या वाफेचं झालेलं पाणी, क्षार जवळपास नाहीतच. भाजीपाल्याला मी वापरत नाही, शोभेच्या झाडांना खुशाल घाला. आणि एप्रिल-मेमध्येच एसी चालतो, म्हणजे गरजेच्या वेळीच ते मिळतं.

टँकरशिवाय इलाजच नसेल तर अधूनमधून कुंडी न्हाणीघरात नेऊन भरपूर पाणी वरून सोडा, तळातून वाहून जाऊ द्या. साठलेले क्षार बऱ्यापैकी धुतले जातात. खालच्या ताटलीत जमलेलं पाणी लगेच ओतून टाका, नाहीतर तेच परत वर शोषलं जातं.

वाघोलीकर_७७ | १९ एप्रिल

धन्यवाद. एसीच्या पाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून बादली.

शेवंती_औंध | २० एप्रिल

मी दिवसातून चार वेळा स्प्रे मारते, फर्नला दमटपणा लागतो म्हणून. तरीही टोकं वाळतातच. यापेक्षा जास्त वेळा मारायचा का?

सावलीतली_कुंडी | २० एप्रिल

नको. फवारलेलं पाणी एप्रिलच्या हवेत बघता बघता उडतं, दमटपणा तेवढ्यापुरताच वाढतो. उलट पाणी जड असेल तर पानांवर पांढरे ठिपके राहतात. त्यापेक्षा कुंडीत कुंडी करा: मातीच्या मोठ्या कुंडीत वाळू भरायची, तिच्यात फर्नची छोटी कुंडी रोवायची, आणि रोज ती बाहेरची वाळू ओली करायची. फर्नच्या मातीत पाणी फक्त बोट घालून बघून. पहिल्या पेरापर्यंत कोरडं लागलं की घाला, ओलं लागलं की हात आवरा. वाळूतून दिवसभर गारवा उठत राहतो आणि मुळंही थंड राहतात. भोवती इतर झाडं दाटीने ठेवली की त्यांच्या पानांतून उडणारं पाणीही याच्या कामी येतं.

आणि वाळलेली टोकं कापून परत हिरवी होत नाहीत, शेवंतीताई. नवीन गुंडाळीतून उघडणारं पान कसं येतं ते बघा. ते स्वच्छ आलं तर झाड सुधारलं असं समजा. जुनं पान अर्ध्याहून जास्त वाळलं असेल तर बुडातून कापा.

मोरपीस_सदाशिव | २१ एप्रिल

तातडीचा प्रश्न. आमच्या फर्नच्या पानांमागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा आल्यात. शेजारच्या काकू म्हणाल्या खवले कीड आहे, कडुलिंबाचं तेल मारा. मारू का?

सावलीतली_कुंडी | २१ एप्रिल

थांबा! आधी एक पान उलटं धरून नीट बघा. पर्णिकेच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ठिपके सारख्या अंतरावर, रांगेत असतील आणि प्रत्येक ठिपका मूत्रपिंडाच्या आकाराचा असेल, तर ती कीड नाही, बीजाणूंचे, म्हणजे ज्यांतून नवे फर्न येतात त्या सूक्ष्म कणांचे, पुंजके आहेत. तुमचा फर्न पूर्ण वयात आलाय आणि खुशीत आहे. होली फर्नमध्ये ते रांगेत नसतात, पानाच्या मागे सगळीभर विखुरलेले असतात, त्यामुळे तिथे गोंधळ जास्त होतो.

कीड असेल तर ठिपके कसेही, कुठेही. देठावर आणि पानाच्या वरच्या बाजूलाही. नखाने खरवडलं तर अख्खा खवला निघतो, खाली ओलसर असतं, आणि आसपास पानं चिकट लागतात, मुंग्या फिरतात. तशी असली तरी फर्नवर तेल किंवा साबणाचा फवारा एकदम मारू नका, पानं काळी पडतात. ओल्या फडक्याने किंवा जुन्या टूथब्रशने काढा. फवारायचंच असेल तर आधी एका पानावर, संध्याकाळी, आणि दोन-तीन दिवस वाट बघून मग बाकीच्यांवर.

मोरपीस_सदाशिव | २१ एप्रिल

अगदी रांगेत आहेत. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना. काकूंनाही दाखवते. जीव भांड्यात पडला.

घाटवाटा | २३ एप्रिल

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. पावसाळ्यात भटकायला जाणारी मंडळी ताम्हिणी, भीमाशंकरहून नेचे, म्हणजे रानातले फर्न, उपटून आणतात आणि ते बाल्कनीत मरतात. दोन कारणांनी हे करू नये. एक, या दोन्ही ठिकाणी अभयारण्य आहे, तिथून झाडं उचलून आणता येत नाहीत. दुसरं, ते नेचे मुळात बाराही महिने हिरवे राहायचे नाहीतच. झाडांच्या खोडांवर दिसणारा बाशिंग नावाचा नेचा बघा: बुडाशी तपकिरी, कागदी, कायमची वाळलेली पानं, आणि त्यांच्यावरून येणारी मोठी हिरवी पानं उन्हाळ्यात गळून जातात. बुडाची पानं पालापाचोळा अडवतात, त्याचंच खत होतं. मयूरशिखा तर उन्हाळाभर खडकाच्या फटीत मिटून पडते आणि पहिल्या पावसाबरोबर पंख्यासारखी उघडते. ही झाडं उन्हाळा झोपून काढतात. कुंडीत आपण त्यांना जागं ठेवायला जातो आणि पाणी घालून कुजवतो.

बघायचेच असतील तर शहरातही आहेत. जुन्या वाड्यांच्या, विहिरींच्या चुन्याच्या भिंती नीट पाहा. लांब शिडीसारख्या पानांचा टेरिस व्हिटाटा चुन्याच्या सांध्यांत हमखास सापडतो. २००१ साली फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा नेचा मातीतलं आर्सेनिक ओढून पानांत साठवतो. आपण ज्याला भिंतीवरचं तण म्हणून खरवडून काढतो तो हा.

सावलीतली_कुंडी | २३ एप्रिल

घाटवाटा, शंभर टक्के सहमत. एवढंच जोडते की बाशिंग नर्सरीत वाढवलेलं मिळालं तर ओंडक्यावर बांधून छान होतं, पण उन्हाळ्यात त्याची पानं गळणारच हे धरून चालायचं.

मांजरप्रेमी_पाषाण | २५ एप्रिल

आमच्याकडे दोन बोके, दिसेल ते पान चावतात. फर्न विषारी असतो का?

सावलीतली_कुंडी | २५ एप्रिल

बोस्टन, कंदवाला नेफ्रोलेपिस आणि होली फर्न, तिन्ही मांजरा-कुत्र्यांना विषारी नाहीत. फार खाल्लं तर ओकतील, एवढंच. जपायचं ते अ‍ॅस्परॅगस फर्नपासून. नर्सरीत फर्नच्या रांगेतच ठेवतात, पुष्पगुच्छात मागे खोचतात तीच ती बारीक, भुरभुरीत पानांची फांदी. ते फर्न नाहीच, शतावरीच्या कुळातलं फुलणारं झाड आहे. त्याला बारीक काटे असतात, आणि फळं खाल्ली तर प्राण्यांना उलट्या-जुलाब होतात. बोके असतील तर ते घरात नकोच.

नवीन_पालवी | २७ एप्रिल

नर्सरीत सांगितलं की बेडरूममध्ये एक फर्न ठेवला की हवा शुद्ध होते, नासाने सिद्ध केलंय. खरं आहे का? त्यासाठीच घ्यायचा विचार होता.

खडकवासला_ते_खराडी | २७ एप्रिल

नासाचा अभ्यास १९८९ चा, आणि तो खराच आहे. पण प्रयोग छोट्या, हवाबंद पेट्यांत झाले होते. घराच्या खिडक्या-दारांतून हवा सतत बदलते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, त्यात निघालं की झाडांनी खिडकीतून येणाऱ्या हवेइतकं काम करायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. फर्न जरूर घ्या, तो सुंदर दिसतो म्हणून घ्या. हवेसाठी खिडकी उघडा.

निळी_काच | ३० एप्रिल

हंसराजाचा माझा हट्ट काही केल्या सुटत नाही. काळे चमकदार देठ आणि ती पानं, दुसरा कुठला नेचा मनात भरत नाही. काही मार्ग?

सावलीतली_कुंडी | ३० एप्रिल

आहे, आणि त्याला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. १८२९ च्या सुमारास लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. लंडनच्या धुरात त्यांचे नेचे जगत नव्हते. पतंगाचा कोश ठेवलेल्या एका बंद बाटलीतल्या ओल्या मातीत मात्र नेचा आपोआप उगवलेला त्यांना दिसला, आणि तो टिकला. त्यातून काचेच्या बंद पेट्या आल्या. पुढे अशाच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं समुद्रमार्गे भारतात आली.

पुण्याच्या कोरड्या हवेला हाच उतारा. रुंद तोंडाची मोठी काचेची बरणी घ्या. तळाला खडी, वर कोळशाचा चुरा, वर पानखताची माती, त्यात छोटं रोप. थोडंसं पाणी घालून झाकण लावा. उत्तरेच्या खिडकीशी ठेवा. ऊन पडलं तर आत झाड अक्षरशः शिजतं. सकाळी काचेवर थोडं बाष्प आणि दुपारी स्वच्छ, असं दिसलं की पाणी बरोबर. सतत थेंब ओघळत असतील तर झाकण दिवसभर काढून ठेवा. मग आठवडेच्या आठवडे पाणी घालावं लागत नाही.

धनकवडीची_गच्ची | ९ जून

पाऊस सुरू झाला! शेडनेटने काम केलं, कंदवाला फर्न मे पार पडला. काही जुनी पानं गेली, पण मधून नव्या गुंडाळ्या येतायत. आता कुंडी गच्च भरलीये, बाजूने धावती मुळं बाहेर लोंबतायत. वेगळे कसे करायचे? आणि खत कधी?

सावलीतली_कुंडी | १० जून

मस्त! वेळ अगदी बरोबर आहे. जून-जुलै हाच वाटणीचा काळ, हवा दमट असते आणि तुटलेली मुळं पटकन सावरतात. आदल्या दिवशी कुंडी भिजवून ठेवा. गड्डा बाहेर काढून धारदार सुरीने उभा कापा, प्रत्येक तुकड्यात गुंडाळ्या आणि भरपूर मुळं येतील असा. फार लहान तुकडे करू नका, हाताच्या मुठीपेक्षा मोठे ठेवा. लोंबणारी धावती मुळं फेकू नका. ती शेजारच्या कुंडीत मातीवर टेकवून वर खडा ठेवला की तिथे नवं रोप फुटतं, मग दोर कापायचा.

होली फर्न कोणी लावणार असेल तर त्याचा गाभा, म्हणजे जिथून पानं फुटतात तो तपकिरी केसाळ भाग, मातीच्या वर राहू द्या. पावसाळ्यात तो मातीखाली गेला की कुजतो, आणि त्याला वाढायची दुसरी जागाच नसते. नेफ्रोलेपिसचं तसं नाही, तो कडेने परत उठतो. म्हणूनच त्याला जमिनीत मोकळा सोडताना विचार करा, वाफाभर पसरतो. मी विटांची कड करूनच लावते.

खत नवं पान उघडायला लागल्यावरच. गांडूळखताचा पातळ थर मातीवर, किंवा द्रवखत घालत असाल तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीने, महिन्यातून एकदा, ऑक्टोबरपर्यंत. थंडीत आणि उन्हाळ्यात बंद. नव्याने वाटलेल्या तुकड्यांना पहिला महिना काहीच नको.

धनकवडीची_गच्ची | १० जून

रविवारी करते. चार तुकडे तरी निघतील, कोणाला हवे असतील तर माझ्या विचारपूस पानावर निरोप टाका.

निळी_काच | १० जून

मला एक! बरणीतला हंसराज व्यवस्थित आहे, आता बाल्कनीसाठी कंदवाला हवाच.